अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि भूविज्ञान-पर्यावरणविज्ञानाचे शिक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास (१९०१ ते २००५)

प्रस्तावना

उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना विद्यापीठे, त्यांचे कुलगुरू, शिक्षण आयोग आणि नामांकित संशोधनसंस्था यांनाच बहुधा मध्यवर्ती स्थान दिले जाते. ज्या संस्थांमध्ये प्रत्यक्षात लाखो सामान्य विद्यार्थी शिकले, त्या संस्थांतील वर्गांचा, प्रयोगशाळांचा आणि अभ्यासक्रमांचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज अर्थात समुदाय महाविद्यालय ही अशीच एक संस्था होय. दोन वर्षांचे शिक्षण, अल्प शुल्क, सर्वांना खुला प्रवेश आणि घराजवळचे ठिकाण ही तिची वैशिष्ट्ये. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४० टक्के विद्यार्थी अशा महाविद्यालयांत शिकत होते.

या संस्थांमध्ये भूविज्ञान आणि पर्यावरणविज्ञान हे विषय कसे आले, कोणासाठी आले आणि त्यांना कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वरवर पाहता हा विषय फार मर्यादित वाटतो. परंतु कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेला भूविज्ञानाचा एक सत्राचा अभ्यासक्रम हा बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील विज्ञानाचा अखेरचा औपचारिक अभ्यास ठरतो, ही बाब ध्यानात घेतली म्हणजे त्याचे गांभीर्य लक्षात येते. पुढे हेच विद्यार्थी नगरपालिकेला मतदान करतात, विहिरीचे किंवा नळाचे पाणी पितात, पूररेषेच्या आत किंवा बाहेर घर बांधतात.

जोलिएट : चुनखडीच्या गावातील पहिले महाविद्यालय

आज अस्तित्वात असलेले अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक दोन-वर्षीय महाविद्यालय म्हणजे इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनियर कॉलेज. १९०१ साली ते सुरू झाले तेव्हा पहिल्या तुकडीत अवघे सहा विद्यार्थी होते. जोलिएटच्या माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांची ही कल्पना. हार्पर हे मूळचे हिब्रू भाषेचे विद्वान. मात्र त्यांची दृष्टी संघटकाची होती. विद्यापीठीय शिक्षणाची पहिली दोन वर्षे ही स्वभावतः माध्यमिक शिक्षणाला जवळची असून ती विद्यापीठाबाहेर, गावोगावी देता येतील, असे त्यांचे मत होते. शिकागो विद्यापीठात त्यांनी ‘ज्युनियर कॉलेज’ आणि ‘सीनियर कॉलेज’ असे दोन भाग पाडलेच होते.

हार्पर यांच्या या योजनेत उदारमतवाद होता तसा हिशेबीपणाही होता, हे येथे नमूद केले पाहिजे. प्राथमिक अध्यापनाचा भार अन्यत्र गेला की विद्यापीठ संशोधनासाठी मोकळे होणार होते. म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा जन्म ‘सर्वांना शिक्षण’ या ध्येयातून जितका झाला, तितकाच ‘विद्यापीठाला उसंत’ या गरजेतूनही झाला. या दुहेरी जन्माच्या खुणा पुढील शंभर वर्षांत पुसल्या गेल्या नाहीत.

शिकागो विद्यापीठातील भूशास्त्र विभागाची धुरा तेव्हा टी. सी. चेंबरलिन यांच्याकडे होती. ‘जर्नल ऑफ जिऑलॉजी’ हे नियतकालिक त्यांनी १८९३ साली सुरू केले. एकाच घटनेसाठी अनेक पर्यायी गृहीतके एकाच वेळी मनात बाळगावीत, हा त्यांचा पद्धतिविचार भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १८९२ साली नेमलेल्या प्रसिद्ध ‘कमिटी ऑफ टेन’च्या भूगोलविषयक परिषदेत चेंबरलिन आणि क्षरणचक्राच्या सिद्धांतामुळे आपल्याकडील भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेले विल्यम मॉरिस डेव्हिस हे दोघेही होते. माध्यमिक स्तरावर प्राकृतिक भूगोलाला विज्ञानाचा दर्जा मिळावा, तो पाठांतराचा विषय न राहता निरीक्षणाचा व्हावा, असा या मंडळींचा आग्रह होता. काही वर्षे तो यशस्वीही झाला. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ‘सामान्य विज्ञान’ या नव्या विषयाने शाळांतील प्राकृतिक भूगोलाची जागा घेतली आणि खडक, नद्या, हवामान यांची ओळख शाळेत होईनाशी झाली. परिणामी हा विषय प्रथमच शिकण्याचे ठिकाण एक तर विद्यापीठ किंवा ज्युनियर कॉलेज एवढेच उरले.

जोलिएट गावाचे भौगोलिक स्थानही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. डेस प्लेन्स नदीकाठचे हे गाव सिल्युरियन कालखंडातील डोलोमाइटयुक्त चुनखडीच्या खाणींसाठी विख्यात होते. १८४८ साली इलिनॉय-मिशिगन कालवा वाहतुकीस खुला झाल्यावर हा पिवळसर दगड शिकागोकडे जाऊ लागला. १८६९ सालचा शिकागोचा प्रसिद्ध जलमनोरा याच पट्ट्यातील दगडात बांधलेला आहे. शिकागोने दगड नेला आणि मोबदल्यात जे पाठविले ते फारसे सुखावह नव्हते. जानेवारी १९०० मध्ये शिकागोचा सांडपाणी व जहाजवाहतूक कालवा सुरू झाला, शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरविण्यात आला आणि मिशिगन सरोवरात जाणारे महानगराचे मैलापाणी जोलिएटच्या दिशेने वाहू लागले. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या मिसुरी राज्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली; १९०६ साली निकाल मिसुरीच्या विरोधात गेला. पहिल्या ज्युनियर कॉलेजची स्थापना नेमकी या घडामोडींच्या दरम्यान झाली. भूशास्त्र, जलशास्त्र, सार्वजनिक आरोग्य आणि कायदा यांचा एवढा जिवंत पाठ गावातूनच वाहत होता. परंतु या सर्वांना एकत्र गुंफणारा ‘पर्यावरणविज्ञान’ नावाचा विषय अद्याप कोणत्याच विद्यापीठात जन्माला आलेला नव्हता.

विस्ताराचा काळ

कॅलिफोर्निया राज्याने १९०७ साली माध्यमिक शाळांना पदवीच्या प्रारंभिक वर्षांचे शिक्षण देण्यास कायद्याने अनुमती दिली आणि १९१० साली फ्रेस्नो येथे त्यानुसार वर्ग सुरू झाले. १९२० साली अशा महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तथापि खरा विस्तार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या ‘जी. आय. बिल’मुळे सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली सादर केलेल्या अहवालात विनाशुल्क, सार्वजनिक, दोन-वर्षीय महाविद्यालयांचे जाळे उभारण्याची शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ झाली ती याच अहवालामुळे. १९६० च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनने तर उच्च शिक्षणाची उतरंडच निश्चित केली : गुणवत्तेनुसार वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी राज्याच्या संशोधन विद्यापीठात, वरचे एकतृतीयांश राज्य महाविद्यालयांत आणि उरलेले सर्व कम्युनिटी कॉलेजात. १९६० ते १९७० या दशकात देशभर साडेचारशेहून अधिक सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे उघडली. म्हणजे सरासरीने जवळजवळ आठवड्याला एक.

या प्रचंड विस्तारात भूविज्ञानाला जागा मिळाली ती मुख्यतः नियमांच्या आधारे. असोसिएट पदवीसाठी आणि पुढे चार-वर्षीय विद्यापीठात श्रेयांकांसह प्रवेश मिळविण्यासाठी प्रयोगशाळेसह किमान एक विज्ञान विषय घेणे आवश्यक असे. ज्यांना गणिताची धास्ती वाटे, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र अवघड वाटे, असे विद्यार्थी भूविज्ञानाकडे वळत. विद्यार्थ्यांमध्ये या अभ्यासक्रमाची ‘दगडांचा सोपा विषय’ अशी थट्टा होत असे. या थट्टेतून विषयाची जी प्रतिमा निर्माण झाली तिचे नुकसान दीर्घकाळ टिकले, असे म्हणावे लागते. ज्या अभ्यासक्रमात विद्यार्थी मोहच्या काठिण्य श्रेणीने खनिजे ओळखतो आणि १:२४,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावरील समोच्चता रेषांवरून उतार काढतो, तो अभ्यासक्रम सोपा की अवघड हे शिकविणाऱ्यावर अवलंबून असते. प्रशासनाने मात्र त्याला पटसंख्या भरून काढणारा विषय मानले.

त्याच काळात विषयाच्या अंतरंगातही मोठी उलथापालथ चालू होती. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाने सागरतळ, वातावरण आणि भूचुंबकत्व यांविषयी विपुल सामग्री उपलब्ध करून दिली. १९६२ साली हॅरी हेस यांनी सागरतळ-विस्ताराची कल्पना मांडली, १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तिला चुंबकीय पट्ट्यांचा पुरावा जोडला आणि दशक संपण्यापूर्वी प्लेट टेक्टॉनिक्स अर्थात भूपट्ट सिद्धांत आकारास आला. शालेय स्तरावर अमेरिकन जिऑलॉजिकल इन्स्टिट्यूटने हाती घेतलेल्या ‘अर्थ सायन्स करिक्युलम प्रोजेक्ट’चे पाठ्यपुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. भूशास्त्र, हवामानशास्त्र, सागरविज्ञान आणि खगोलशास्त्र यांना ‘अर्थ सायन्स’ या एका नावाखाली आणण्याची पद्धत यातून दृढ झाली. ज्या लहान महाविद्यालयांत या चार विषयांसाठी चार प्राध्यापक नेमणे शक्य नव्हते, त्यांना ही एकत्रित रचना विशेष सोयीची ठरली. विषयाच्या तत्त्वज्ञानातून निघालेला निर्णय आणि आर्थिक सोय यांचा असा मेळ शिक्षणक्षेत्रात नेहमीच पडतो असे नाही.

पाठ्यपुस्तक लिहिणारे दोन प्राध्यापक

कम्युनिटी कॉलेज ही ज्ञान निर्माण करणारी नव्हे, तर केवळ वाटप करणारी संस्था आहे, असा समज अमेरिकेतही आहे. या समजाला छेद देणारे एक उदाहरण भूविज्ञानाच्याच क्षेत्रात सापडते. इलिनॉय राज्यातील ईस्ट पिओरिया येथील इलिनॉय सेंट्रल कॉलेज या दोन-वर्षीय महाविद्यालयात एडवर्ड टारबक आणि फ्रेडरिक लुटगेन्स हे दोन प्राध्यापक अध्यापन करीत. त्यांनी मिळून लिहिलेले ‘अर्थ सायन्स’ हे पाठ्यपुस्तक १९७६ साली प्रसिद्ध झाले. पुढे हवामानशास्त्रावरील ‘द ॲटमॉस्फियर’ आणि भूशास्त्रावरील ‘द अर्थ’ ही पुस्तकेही या जोडीने लिहिली. डेनिस टासा यांच्या आकृत्यांनी ती सजली, त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि नामांकित विद्यापीठांतील प्रथम वर्षाच्या वर्गांतही ती लागली.

या पुस्तकांच्या यशाचे कारण त्यांच्या वाचकात शोधले पाहिजे. लेखकांसमोर बसलेला विद्यार्थी भूशास्त्रज्ञ होणार नव्हता. तो दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला येणारा, कदाचित बारा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा वही उघडणारा प्रौढ असू शकत होता. अशा वाचकाला व्याख्या देण्यापूर्वी चित्र द्यावे लागते, सूत्र देण्यापूर्वी प्रक्रिया समजावून सांगावी लागते. विद्यापीठातील संशोधकाला ही निकड सहसा जाणवत नाही. हार्पर यांनी अध्यापनाचा जो भार विद्यापीठाबाहेर ढकलला होता, त्या भारातूनच विद्यापीठांना उपयोगी पडलेले पुस्तक तयार झाले, हा इतिहासातील एक उपरोध होय.

१९७० नंतर : कायदा, सांडपाणी आणि नवे अभ्यासक्रम

२२ जून १९६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगाने पेट घेतला. आग अर्ध्या तासाच्या आसपास चालली आणि नुकसान सुमारे ५०,००० डॉलरचे झाले. नदी पेटण्याची ही पहिली वेळ नव्हती; ‘टाइम’ साप्ताहिकाने या घटनेविषयी जे छायाचित्र छापले ते वस्तुतः १९५२ सालच्या आगीचे होते. तरीही या वेळी देशाचे लक्ष वेधले गेले. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर स्वाक्षरी झाली, २२ एप्रिलला पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, डिसेंबरमध्ये पर्यावरण संरक्षण संस्था अर्थात ई.पी.ए. कार्यान्वित झाली. वसुंधरा दिनासाठी एप्रिलचा शेवट निवडण्यामागे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांचा विचार अगदी व्यावहारिक होता : वसंत ऋतूतील सुट्टी आणि वार्षिक परीक्षा यांच्या मधल्या काळात महाविद्यालयीन विद्यार्थी मोकळे असतात. त्याच वर्षी पर्यावरण शिक्षणाचा स्वतंत्र कायदाही संमत झाला.

कम्युनिटी कॉलेजांच्या दृष्टीने मात्र १९७२ चा जलशुद्धता कायदा या सर्वांहून अधिक परिणामकारक ठरला, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. या कायद्यान्वये नगरपालिकांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या बांधकामखर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भार केंद्र सरकारने उचलला. केंद्रे उभी राहिली. ती चालविणार कोण? प्राणवायूची जैविक मागणी मोजणे, गाळाची जैविक क्रिया नियंत्रित ठेवणे, नोंदवह्या राखणे ही कामे करणारा प्रशिक्षित, परवानाधारक कर्मचारी प्रत्येक गावाला हवा होता. चार वर्षांचा पदवीधर या कामाला मिळत नव्हता आणि परवडतही नव्हता. एक किंवा दोन वर्षांचे जल व सांडपाणी तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम अनेक कम्युनिटी कॉलेजांत सुरू झाले ते या गरजेतून. १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्यानंतर घातक कचऱ्याची हाताळणी हे असेच दुसरे क्षेत्र खुले झाले. १९९२ साली काँग्रेसने संमत केलेल्या कायद्यानुसार राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने दोन-वर्षीय महाविद्यालयांतील तंत्रशिक्षणासाठी खास निधी ठेवला आणि त्यातून आयोवा राज्यातील कम्युनिटी कॉलेजांच्या आधारे १९९४ साली पर्यावरण तंत्रज्ञान शिक्षणाचे एक राष्ट्रीय केंद्र उभे राहिले.

अशा रीतीने एकाच महाविद्यालयात पृथ्वीविषयक शिक्षणाची दोन दारे तयार झाली. एका दारातून येणारा विद्यार्थी विद्यापीठात जाण्यासाठी श्रेयांक गोळा करीत असे. त्याला भूजलाचे चक्र पुस्तकात शिकविले जाई. दुसऱ्या दारातून येणारा विद्यार्थी पाण्याचे नमुने तपासण्यात तरबेज होई. पण त्याचे श्रेयांक विद्यापीठ बहुधा मान्य करीत नसे. पहिल्याला शास्त्र मिळे, परंतु हाताला काम मिळेलच याची शाश्वती नसे. दुसऱ्याला काम मिळे, परंतु पुढच्या शिक्षणाची वाट अरुंद होई. ज्या विषयात नकाशा, खडक, पाणी आणि कायदा एकत्र यायला हवेत त्याच विषयात ही फाळणी व्हावी, हे दुर्दैवाचे आहे. कॅलिफोर्नियातील डी आन्झा कॉलेजमध्ये २००५ साली उभारलेली पर्यावरण अध्ययनाची स्वतंत्र इमारत हा इमारतीलाच अध्यापनाचे साधन बनविण्याचा एक वेगळा प्रयत्न होता. मात्र असे प्रयत्न साधनसंपन्न महाविद्यालयांनाच शक्य असतात.

बहुसंख्य महाविद्यालयांत भूविज्ञानाचा विभाग म्हणजे एक पूर्णवेळ प्राध्यापक आणि त्याच्या जोडीला काही अर्धवेळ अध्यापक, किंवा केवळ अर्धवेळ अध्यापक अशीच स्थिती राहिली. अमेरिकन कम्युनिटी कॉलेजांतील निम्म्याहून अधिक अध्यापक हे अर्धवेळ आहेत. महाराष्ट्रातील वाचकांना तासिका तत्त्वावरील नेमणुकांचा अनुभव असल्याने या वाक्याचा अर्थ अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. क्षेत्रभेटीसाठी जो वेळ, जे वाहन आणि जी जबाबदारी लागते, ती तासावर काम करणाऱ्या व्यक्तीकडून अपेक्षिणे कठीण असते. आणि क्षेत्रभेटीविना भूविज्ञान हे चित्रांचे पुस्तक होऊन बसते.

नवाहो भूमीवरील महाविद्यालय

स्थानिक भूमी हाच अभ्यासक्रम होऊ शकतो याचे ठळक उदाहरण ॲरिझोनातील नवाहो आदिवासी प्रदेशात आढळते. १९६८ साली नवाहो राष्ट्राने स्थापन केलेले नवाहो कम्युनिटी कॉलेज हे अमेरिकेतील आदिवासींनी स्वतः चालविलेले पहिले महाविद्यालय. १९९७ पासून ते डिने कॉलेज या नावाने ओळखले जाते.

या प्रदेशात १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन युरेनियम खनिज काढण्यात आले. अण्वस्त्रनिर्मितीच्या मागणीमुळे सुरू झालेल्या या खाणकामात नवाहो पुरुषांनी पुरेशा वायुवीजनाविना काम केले. किरणोत्सारी रेडॉन वायूचे दुष्परिणाम शास्त्रज्ञांना ज्ञात होते. कामगारांपर्यंत ते पोहोचविले गेले नाहीत. फुफ्फुसाच्या कर्करोगाने अनेक कुटुंबे उद्ध्वस्त झाली. खाणी बंद पडल्यावर पाचशेहून अधिक परित्यक्त खाणी मागे उरल्या. १६ जुलै १९७९ रोजी न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथे युरेनियम गिरणीच्या टाकाऊ गाळाचा बांध फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी पाणी व ११०० टन गाळ पुएर्को नदीच्या पात्रात गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टी अपघाताची जगभर चर्चा झाली. मेंढपाळांच्या वस्तीतून वाहणाऱ्या या नदीची तेवढी झाली नाही.

अशा ठिकाणी खनिजशास्त्र हा पटसंख्या भरून काढणारा विषय राहत नाही. नवाहो भाषेत युरेनियमला ‘लीत्सो’ म्हणजे पिवळी माती म्हणतात. किरणोत्सार, अर्धायुष्य, भूजलातील वहन या संकल्पनांना त्या भाषेत तयार शब्द नव्हते; वृद्ध खाणकामगारांना नुकसानभरपाईचे अर्ज भरताना आणि विधवांना पतीच्या मृत्यूचे कारण समजून घेताना त्यांचीच आवश्यकता होती. १९९० साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्या दशकात शिपरॉक येथील महाविद्यालयाच्या केंद्रातून युरेनियमविषयक लोकशिक्षणाचे काम चालले. २००५ साली नवाहो राष्ट्राने आपल्या प्रदेशातील युरेनियम खाणकामावर बंदी घातली. या बंदीचे श्रेय एका महाविद्यालयाला देणे अतिशयोक्तीचे होईल. ती चळवळ खाणकामगारांच्या कुटुंबांची होती. परंतु विहिरीचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे परक्या तज्ज्ञावर विसंबून न राहता वाचू शकणारी माणसे त्या समाजातच तयार होणे, ही गोष्ट विद्यापीठाला जमली नव्हती.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न वेगळ्या मार्गाने आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचा निर्देश दिला. त्याची अंमलबजावणी लांबल्यावर १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला आणि पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. अमेरिकेत ज्या विषयाला नोकरीच्या बाजारपेठेने आणि श्रेयांकांच्या नियमांनी महाविद्यालयात आणले, तो भारतात न्यायालयाच्या आदेशाने आला. परिणामी त्याच्यासाठी स्वतंत्र प्राध्यापकपद अनेक महाविद्यालयांत निर्माणच झाले नाही. भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा वाणिज्य, ज्या विभागाकडे कार्यभार कमी असेल त्याच्याकडे तो सोपविला गेला. आयोगाची समुदाय महाविद्यालयांची योजना २०१३ साली आली. तिचा भर मुख्यतः कौशल्य शिक्षणावर होता.

आयोगाच्या त्या मूळ अभ्यासक्रमात एकूण ५० व्याख्याने होती. आठवे व शेवटचे प्रकरण व्याख्यानाचे नव्हते. जवळची नदी, जंगल किंवा डोंगर पाहणे, एखाद्या प्रदूषित स्थळाला भेट देणे आणि परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी यांचे निरीक्षण करणे, यासाठी पाच तासिका आणि शंभरपैकी पंचवीस गुण राखून ठेवले होते. बहुतेक ठिकाणी हे पंचवीस गुण वर्गात लिहून घेतलेल्या प्रकल्पवहीवर दिले जात. जोलिएटच्या कालव्यासारखा नाला महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या कुंपणापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो.